आबांनी डावीकडून वाचलेलं वेळापत्रक

अभ्यासाचं नियोजन कसं करावं हे मला कुणी शिकवू नये. निजामाच्या अमलात, चौदाव्या वर्षी, पुसेगावात बसून मी असं वेळापत्रक केलं होतं की ते पाहून आमचे चाँद पाशा मास्तर पान चघळायचे थांबले होते!

कारणही तसंच होतं. सातवीला मी एकदा आपटलो होतो. आबा, म्हणजे माझे वडील, शांतपणे म्हणाले होते, "सोनाजी, औंदा पास झालास तर बरं. न्हाई तर औत धरायचं." आबा कधी ओरडत नसत, म्हणून त्यांची जास्तच भीती वाटायची.

परीक्षेला आठ दिवस उरले. मी लांब कागदावर आठ चौकोन आखले आणि शाळेच्या रिवाजाप्रमाणे उर्दूत वार आणि विषय लिहिले. आबांना मराठी पोथी वाचता यायची, पण उर्दू नाही. म्हणून त्यांच्यासाठी चित्रं काढली. गणिताला पाटी, इतिहासाला तलवार, भूगोलाला डोंगर. शेवटच्या चौकोनात परीक्षेसाठी हिंगोलीला न्यायची बैलगाडी.

"आबा, कागदात हाय तसंच मला वागवा. मी काय बी सांगितलं तरी ऐकू नका. पोट दुखतंय म्हनलो तरी न्हाई."

या शेवटच्या अटीचा मला फार अभिमान होता.

सोमवारी मायनं लवकर उठवलं, न्हाऊ घातलं आणि हातावर दही ठेवलं. बाहेर आबा बैल जुंपत होते.

"आबा, कुटं निघालो?"

"हिंगोलीला. कागदात पहिली गाडीच हाय."

घोळ माझ्या लक्षात आला. उर्दू उजवीकडून चालते. आबांनी कागद पोथीसारखा डावीकडून धरला होता!

"आबा, त्यो उजवीकून वाचायचा हाय."

"काहून? मी पोथी काय उलटी वाचून राहिलो व्हय?"

"परीक्षेला अजून आठ दिवस हायेत."

आबा मायकडं वळले. "मागल्या साली पोट दुखत होतं. औंदा कागदच उलटा झाला."

"जा लेकरा," पदरानं माझं तोंड पुसत माय म्हणाली. "भ्या समद्यांलाच वाटतं."

मग मी खरोखरच पोट धरलं. पण तीही वाट मीच बंद करून ठेवली होती.

गाडी वेशीपर्यंत पोचेतो आबांनी साऱ्या गावाला सांगितलं की पोरगं इम्तिहानाला निघालंय. रहमतबीनं गाडी थांबवून माझ्या दंडाला ताईत बांधला. देवळापाशी सखुबाईनं नारळ फोडला. एवढे आशीर्वाद घेतल्यावर माघारी फिरा म्हणायची माझी छाती होईना.

हिंगोलीला शाळेसमोर मकबूल चपराशी एकटाच बसला होता. आबांनी मोठ्या विश्वासानं त्याच्यापुढं कागद धरला. मकबूलनं उजवीकडून डावीकडं सावकाश बोट फिरवलं. मग तो आबांकडं बघत राहिला, पण हसला नाही. त्याचे हे उपकार मी विसरलेलो नाही.

"पटेल, इम्तिहान कू अबी आठ दिन हैं. ये कागज इधर से चलता."

आबांनी बैलांना पाणी दाखवलं आणि गाडी फिरवली. आता औत आलंच, असं मी मनाशी धरून बसलो.

"सोन्या," ते म्हणाले, "माझ्यापायी तुझा दिस गेला रे."

आबांना असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. चूक माझी आहे म्हणायचं होतं, ते राहूनच गेलं.

थोड्या वेळानं त्यांनीच कागद काढला. "तलवार म्हंजी काय शिकायचं त्ये सांग बरं. तेवढंच तुझं व्हईल."

मी एका लढाईची गोष्ट सांगू लागलो. "राजा हारला काहून?" आबांनी विचारलं. मला येईना. डोंगराच्या चित्रावर आलो तर, "नदी तिकडंच काहून वाहती?" तेही येईना. घरी पोचेपर्यंत मला कळून चुकलं की मी वेळापत्रक सोडून काहीच पाठ केलेलं नव्हतं.

पुढचे सगळे दिवस आबा शेतातून आले की माझ्यासमोर मांडी घालून बसायचे. मी शिकवायचं आणि त्यांनी 'काहून?' विचारायचं. जे सांगता आलं नाही ते, प्रश्न आबांचे आहेत हे कबूल करून, मी सकाळी मास्तरांकडून चोरून समजून घ्यायचो आणि जन्मतः येत असल्याच्या थाटात आबांना सांगायचो.

मी पास झालो, तिसऱ्या श्रेणीत. आबांनी गावभर गूळ वाटला आणि सांगत सुटले, "पोरगं लई हुशार हाय, काय बी इचारा, सांगतंय."

मी मान खाली घालून गूळ खात होतो. त्या परीक्षेला आबा बसले असते तर पहिले आले असते, हे तेव्हा फक्त मला आणि चाँद पाशा मास्तरांना माहीत होतं.