झिरोची ना हरकत

मंगळवारी सकाळी साडेदहाला मगदूम फॅब्रिकेटर्सच्या पत्रा कापायच्या प्लाझ्मा टेबलाचा कंट्रोलर जळाला, आणि दुपारच्या चहापर्यंत टेबलाचा झिरो शेड सोडून निघून गेला.

झिरो म्हणजे टेबलाच्या डाव्या कोपऱ्यातला तो ठिपका, जिथून सगळी मापं सुरू होतात. शौकत तांबोळी चौदा वर्षं त्या टेबलावर काम करत होता. रोज सकाळी तो कापायचा टॉर्च आधी त्या कोपऱ्यात नेई, मगच पत्रा कापायला घेई. त्या दुपारी त्यानं कोपऱ्यात पाहिलं तर तिथं कुणी नव्हतं. दिसायला ती जागा आधीही रिकामीच असायची, पण आता ती रिकामी वाटत होती.

टेबलावर बारा मिलीमीटरची प्लेट अर्धी कापून पडली होती. काम बंधाऱ्याच्या बरग्यांचं होतं. पावसाळा सरला की बंधाऱ्याच्या खाचांत ज्या लोखंडी फळ्या बसवून नदी अडवतात, ते बरगे. पंधरा ऑक्टोबरच्या आत ते बसले नाहीत तर पाणी पुढं निघून जाणार आणि वरच्या पाच गावांना उन्हाळाभर टँकरची वाट बघावी लागणार. त्यांतलं एक गाव शौकतच्या सासरवाडीचं होतं. आणि ऑक्टोबरची चार तारीख उजाडून गेली होती.

शेडच्या मालकीण सुनंदावहिनींनी कंट्रोलर बनवणाऱ्या कंपनीला फोन लावला.

“कंट्रोलर आमचाच आहे,” पलीकडचा माणूस म्हणाला. “त्याच्या आत काय आहे ते कुणालाही सांगता येणार नाही.”

“मग तसाच दुसरा पाठवा.”

“कंपनी सहा वर्षांपूर्वी बंद झाली.”

“मग तुम्ही कोण बोलताय?”

“मी फोन उचलायला आहे,” तो म्हणाला, आणि त्यानं नमस्कार करून फोन ठेवला.

गुरुवारी पुण्याहून मशीन दुरुस्त करणारी तनुजा पिसाळ आली. तिच्यासोबत एक साधा, कुणालाही उघडून बघता येईल असा नवा कंट्रोलर होता. दोन दिवस ती टेबलाखाली पाठीवर पडून होती. एकेक वायर ओळखत, तिला चिठ्ठी लावत तिनं जुना डबा सोडवला आणि नवा बसवला. मोटरी फिरल्या, टॉर्च पुढंमागं झाला, ठिणगीही पडली. मग ती उठली आणि हात पुसत म्हणाली, “वहिनी, बाकी सगळं झालं. झिरो कुठंय?”

“गेलाय,” शौकत म्हणाला.

“नवा धरता येत नाही का?” वहिनींनी विचारलं.

“आधीचा हयात असेपर्यंत दुसरा नेमता येत नाही,” तनुजा म्हणाली. “तो परत यायला हवा, नाहीतर त्याची ना हरकत हवी.”

तो कुठं गेलाय हे शोधणं अवघड नव्हतं. टेबलाच्या अंगाला आकडे दाखवणारा जुना डिस्प्ले होता, तो वेगळ्या लाइनवर असल्यानं चालू राहिला होता. टॉर्च झिरोपासून कोणत्या दिशेला किती लांब आहे एवढंच तो सांगायचा. मंगळवारी दुपारपासून टॉर्च जागचा हलला नव्हता आणि आकडे वाढत होते. बुधवारी रात्री ते थांबले, ते एक कोटी बेचाळीस लाख मिलीमीटरवर. तनुजानं नकाशा पसरला, पट्टी ठेवली आणि पश्चिमेला आळतेवाडी नावाच्या गावावर बोट टेकवलं.

शनिवारी सकाळी शौकत मोटारसायकल काढून निघाला. उसाला तुरे यायचे होते अजून, रस्ता धुवून काढल्यासारखा स्वच्छ होता. आळतेवाडीच्या वेशीपासून त्याला काहीतरी वेगळं जाणवायला लागलं. गिरणीच्या काट्यावर पोतं होतं आणि काटा शून्यावर होता. दळणवाला म्हणाला, “दोन दिवस झाले, असंच आहे. सगळे अंदाजानंच नेतात. तुम्हाला बिरनाळेबाईंकडं जायचं असेल ना? डावीकडं वळा.”

अनसूया बिरनाळे पस्तीस वर्षं प्राथमिक शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या होत्या. घरात एकट्याच राहत. पडवीत पितळी कड्यांचा झोपाळा होता आणि त्या एका बाजूला अंग चोरून बसल्या होत्या, दुसऱ्या बाजूला पाहुणा बसावा तशी जागा सोडून.

“या,” त्या म्हणाल्या. “न्यायला आलात वाटतं.”

“होय बाई. आमचा आहे तो.”

“बसा आधी. पाणी घ्या.”

शौकत पडवीच्या पायरीवर बसला. बाईंनी पाण्याचा तांब्या पुढं केला आणि सरळ सांगायला लागल्या. “पस्तीस वर्षं मी पोरांना सांगत आले, शून्याला स्वतःची किंमत नसते. बुधवारी रात्री हे दारात आलं तेव्हा वाटलं, जाब विचारायला आलं असणार. म्हणून मी आधी माफी मागितली. तेव्हापासून इथंच आहे. त्रास काही नाही त्याचा.”

“काही बोलतो का?”

“बोलत नाही. पण नको असलं की कळतं.”

शौकत उठला. झोपाळा चार पावलांवर होता. “चल रे,” तो म्हणाला आणि पाऊल टाकलं. चार पावलं झाली, दहा झाली, वीस झाली. झोपाळा अजून चार पावलांवरच होता. त्याला दम लागला. बाईंनी परत पायरीकडं हात केला, आणि पायरी मात्र लगेच आली.

मग तो नुसता बसून राहिला. आता त्यानं काही मागितलं नव्हतं, म्हणून असेल, अंतरं सैल व्हायला लागली. समोरचा डोंगर उंबऱ्याइतका जवळ आला. सोलापूरला दिलेली मुलगी रेहाना कुकरच्या शिट्ट्या मोजत होती, ती त्याला कानाशी ऐकू आली. वडिलांच्या सायकलीच्या पुढच्या दांडीवर बसलेला सहा वर्षांचा तो स्वतः, तोही तेवढ्याच अंतरावर होता, म्हणजे अंतर अजिबातच नव्हतं. वडील जाऊन एकवीस वर्षं झाली होती. त्यांच्या सदऱ्याला तंबाखूचा वास होता. शौकतला हात पुढं करावासा वाटला नाही. सगळं इथूनच सुरू होत होतं, तर पोचायचं कुठं?

ऊन पायरीवरून खाली उतरलं तेव्हा त्यानं डोळे पुसले.

“चौदा वर्षं,” तो म्हणाला, “ठिणग्या पहिल्या ह्याच्या अंगावर पडायच्या. मी कधी विचारलं नाही, बाबा, तुला पोळतं का म्हणून.”

“आता विचारलंत,” बाई म्हणाल्या.

“राहू दे इथंच. पण बाई, पाच गावांचं पाणी आहे. ह्यानं नुसतं हो म्हटलं तर आम्ही इथून मोजू.”

त्यानं खिशातून तनुजानं दिलेला ना हरकतीचा कागद काढला, उठला आणि एकाच पावलात झोपाळ्यापाशी पोचला. कागद त्यानं रिकाम्या जागेवर ठेवला, थोडा वेळ थांबला आणि उचलला. सहीच्या ठिकाणी काहीही नव्हतं.

शेडवर तनुजानं तो कागद उजेडात धरून पाहिला. “बरोबर आहे,” ती म्हणाली आणि फाइलला लावला. मग नव्या कंट्रोलरमध्ये प्रत्येक मापात तिनं एक कोटी बेचाळीस लाख मिळवले. जुन्या डब्याला एवढे आकडे कधी पेलले नसते. नव्यानं ते निमूट घेतले. टॉर्च अर्ध्या राहिलेल्या रेषेच्या टोकावर येऊन केसाचंही अंतर न ठेवता टेकला. वहिनींनी तोंडाला पदर लावला.

पहिल्याच तासात एक गोष्ट लक्षात आली. बाईंनी झोका घेतला की रेघ हलायची. शौकतनं फोन केला. “बाई, दहा ते पाच झोपाळा स्थिर ठेवता येईल का?”

“पाय टेकवून बसते की,” बाई म्हणाल्या. “शाळेचीच वेळ आहे.”

पाच दिवस बाई जमिनीला पाय टेकवून बसल्या आणि पाच दिवसांत चाळीस बरगे कापून झाले.

चौदा तारखेला बंधाऱ्यावर पाटबंधारे खात्याचे शाखा अभियंता तपासायला उभे होते. पाच गावची माणसं काठावर बसली होती. अभियंत्यांनी एकेक बरगा पट्टी लावून मोजला. सदतिसाव्यापाशी थांबले. त्याच्या वरच्या कडेला एक लांब, हलकी लाट होती. त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला.

“हे काय आहे?”

“गुरुवारी दुपारी तीनचा आहे, साहेब,” शौकत म्हणाला. “बाईंना डुलकी लागली होती.”

अभियंत्यांनी पुन्हा एकदा अंगठा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश. मग वही उघडून लिहिलं, ‘क्र. ३७. डुलकी. मान्य.’

बरगा खाचेत उतरला.