सासऱ्यांच्या गाडीला डिस्क ब्रेक

ज्याला गणित येतं त्याला ब्रेक बदलणं काय अवघड, असं मास्तरांचं म्हणणं होतं. ते कॉलेजात गणितच शिकवत. गाडी मात्र सासऱ्यांची, लेकीपेक्षा जास्त जपलेली. डोळ्यांनी दगा दिला तेव्हा सासऱ्यांनी जड मनाने किल्ली जावयाला दिली आणि जावयाने पहिल्याच सुट्टीत ती गाडी ठोकळ्यांवर चढवली. मागच्या चाकांचे ड्रम ब्रेक काढून डिस्क ब्रेक बसवायचे होते.

ड्रम गंजून असे चिकटले होते की जणू माहेर सोडायला तयार नाहीत. तेल झालं, हातोडा झाला, शेवटी ठेवणीतल्या शिव्या झाल्या, तेव्हा कुठे ते निघाले. मग नळ्यांतली हवा काढायला मास्तरांनी बायकोला पेडलपाशी बसवलं. तिने पेडल दाबून "दाबला" म्हणायचं, की ते खालून नट सैल करणार. तेवढ्यात तिच्या बहिणीचा फोन आला. बहिणीच्या थोरल्या जावेने सासूबाईंचा हार दाबला, अशी बातमी होती.

"दाबला?" बायको ओरडली. मास्तरांनी नट सैल केला. संतापून तिने पाय आपटला, तो नेमका पेडलवर. ब्रेक ऑइलची चिळकांडी थेट मास्तरांच्या चष्म्यावर.

"अहो, तुम्हाला नाही म्हटलं!"

एवढं सोडलं तर काम झकास झालं. फक्त हँडब्रेकची वायर उरली. ती जुन्या ड्रमला जोडलेली असायची, नव्या ब्रेकला ती अडकवायची सोयच नव्हती. मास्तरांनी ती वर बांधून टाकली आणि नंतर बघू म्हणाले.

संध्याकाळी सासऱ्यांना मागच्या सीटवर बसवून फेरी काढली. गाडी म्हणाल तिथे थांबत होती. परत येताना घरासमोरच्या चढावर मास्तरांनी गाडी उभी केली, सवयीने हँडब्रेक ओढला आणि शेजारीणबाईंना नवी चकती दाखवायला खाली उतरले. चाकापाशी उकिडवे बसून त्यांनी तिची चकाकी, पकड, सगळं समजावलं.

"छान फिरते हो," शेजारीणबाई म्हणाल्या.

"बघा ना, कुठे घासत नाही की अडत नाही," मास्तर कौतुकाने म्हणाले. आणि मग ती फिरतेच कशी, हे त्यांच्या लक्षात आलं.

तोवर गाडी मागच्या मागे उताराला लागली होती. मास्तर धावले. दाराला हात लागला, पण तेवढ्यात पायातली चप्पल सटकली आणि ते रस्त्यावर लोळले. आत म्हातारा माणूस, खाली चौक. बायको घरातून "बाबा, बाबा" करत सुटली.

गाडी थोडी वाकडी झाली, फुटपाथवर चढली आणि गादीवाल्याने दुकानाबाहेर रचलेल्या कापसाच्या गाद्यांत अलगद जाऊन रुतली. गादीवाला चहाचा कप हातात धरून बघतच राहिला.

मास्तरांनी मागचं दार उघडलं. सासरे डोळे मिटून, हात पोटावर ठेवून निवांत बसले होते.

"बाबा, लागलं का कुठे?"

"लागायला काय झालं?" सासऱ्यांनी डोळे किलकिले केले. "उलट शेवटी शेवटी फार सुरेख चालवलीत, जावईबापू. रोज अशीच चालवत जा."

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. तिने मान दुसरीकडे वळवली, पण तिचे खांदे हसून हलत होते.

"प्रयत्न करतो," मास्तर म्हणाले.