पापणी दिसली का?

डुकरीण उसातून सुटली ती सरळ माझ्या अंगावर. माझ्या हातात नुसतं खुरपं. मी ओरडले. लांब विहिरीवरून सोपानतात्याचा आवाज आला, "वैनी, हलू नगा! जाग्याव ऱ्हावा!" तेवढ्यात कानाजवळून काहीतरी सणकन गेलं आणि डुकरिणीच्या मागच्या मांडीत बाण रुतला. ती किंचाळत वळली आणि पुन्हा उसात शिरली.

मी बांधावर बसले. जीव वाचला हे कळायच्या आधी मला राग आला. एवढ्या लांबून बाण? आणि तोही तात्याने सोडला?

राग का आला, ते समजायला आधी तात्या समजायला पाहिजे.

तो आमचा बांधाशेजारी. बोलायला लागला की नाकाला नाक लागेपर्यंत पुढे यायचा. तंबाखू आणि कच्च्या कांद्याचा वास आधी यायचा, तात्या मागून. माणसं मागे सरकायची, हा आणखी पुढे. बियाणं विकायला आलेला एक माणूस असाच सरकत सरकत गटारात गेला. तात्या वरून वाकून विचारतो, "खाली काय पडलंय तुमचं?"

बांबूचा तीरकमठा त्याने स्वतः केला होता. तो सुप्याच्या माळावर वाढलेला. तिथे त्याच्या बापाने एकदा हरणावर लांबून बाण सोडला. हरण पडलं नाही. पोटात बाण घेऊन हिंडत राहिलं आणि रोज संध्याकाळी पाण्यावर यायचं. लहानगा तात्या ते बघायचा. बाप म्हणायचा, मरंल की आपोआप. तेव्हापासून तात्याचा नेम ठरला. "जनावराची पापणी दिसंस्तवर हात उचलायचा न्हाय. मारायचंच तर जवळ जाऊन मारावं. आन घायाळ केलं तर मागं जाऊन संपवावं. घरी येऊन भाकरी खायाची न्हाय."

आमच्या मक्यात डुकरं घुसली की आम्ही तात्याला हाक मारायचो. जंगलखात्याची भीती होती, पण डुकरं जास्त जवळची. तात्या पोटावर सरपटत निघायचा. डुक्कर पोटभर खाऊन निघून जायचं, तरी हा पापणी शोधतोच आहे. माझा लेक म्हणायचा, "तात्या, जेवान उरकलं त्याचं. आता हात धुवायला पानी तरी न्या."

तो हा नेम सगळ्यांनाच लावायचा. निवडणुकीच्या सभेत थेट स्टेजवर चढला आणि पुढाऱ्याच्या तोंडाला तोंड भिडवून उभा राहिला. "लांबनं समदीच देवावानी दिसत्यात," म्हणाला. पुढाऱ्याने घाबरून गळ्यातला हार काढून त्यालाच घातला. लेकासाठी पोरगी बघायला गेला, तर पोरीच्या इतका जवळ गेला की ती पोह्यांची बशी ठेवून आत पळाली. ते स्थळ मोडलं. पुढच्या वेळी लेकाने बापाला घरीच ठेवलं आणि लग्न जमलं.

सून आली. नातू झाला. म्हातारा तोंडाजवळ आला की नातू भोकाड पसरायचा. सुनेने तात्याची बाज गोठ्यात टाकली. "मामंजी लय अंगावर येत्यात," म्हणाली. गोठ्यातला बैल तेवढा मागे सरकत नव्हता.

घरात टीव्ही आला, तर तात्या काचेला नाक लावून बसायचा. मागून पोरं ओरडायची, "तात्या, पापणी दिसली का?" सगळं गाव हसायचं.

असा हा माणूस त्या दिवशी विहिरीवरून माझ्याकडे पळत आला. वाटेत दोनदा ठेचकाळला. येऊन माझ्या नाकाला नाक लावलं.

"वैनीच ना?"

"मंग कोन? डुकरीण?"

त्याने हाताने माझं तोंड चाचपलं. मी हात झटकला. "तात्या, एवढ्या लांबनं? पापणी दिसली व्हती का?"

"पापणी कुठली, वैनी. लय दिस झालं, कुनाचीच दिसत न्हाय. काळं-पांढरं तेवढं कळतंय. पांढरं उभं व्हतं, काळं पळत व्हतं. काळ्यावर सोडला."

मी अंगावरच्या लुगड्याकडे बघितलं. रानात मी रोज काळं लुगडं नेसायचे. त्या दिवशी ते दोरीवर ओलं होतं, म्हणून विटकं पांढरं नेसून आले होते.

"आन मी काळं नेसले असते तर?"

"म्हनून तर म्हनलं, हलू नगा."

बारामतीला मोतीबिंदूचं शिबिर भरायचं. आमच्या गावचे म्हातारे गाडी भरून जायचे. तात्याचा लेक म्हणायचा, ऊस गेला की नेतो. ऊस दरसाल जायचा.

तात्याने तीरकमठा माझ्याजवळ ठेवला आणि माझ्या लेकाचा बांधावर पडलेला कोयता चाचपून उचलला.

"कुठं निघालाय?"

"घायाळ हाय ती."

"मरू द्या की! उसात डोळसाला दिसत न्हाय, तुमी तर..."

"मंग बरंच हाय. उसात समदेच आंधळे." आणि हसला.

मी हाका मारून माणसं गोळा केली. काठ्या घेऊन सगळे बांधावर उभे राहिले. आत डुकरीण किंचाळली, मग तात्या ओरडला, मग कुणीच नाही. तेव्हा कुठे माणसं आत शिरली.

दवाखान्यात नेताना ट्रॉलीत तात्याचं डोकं त्याच्या लेकाच्या मांडीवर होतं. पोटाला बांधलेलं धोतर भिजून गेलं होतं. तात्या सारखा विचारत होता, "कोन हाय? कोन हाय?" शेवटी लेकाने तोंड खाली नेलं, नाकाला नाक लावलं. मग त्याने विचारायचं थांबवलं. इंदापूर यायच्या आधीच तो गेला.

मी घरी आले तेव्हा काळं लुगडं दोरीवर वाळलं होतं.

ऊसतोड झाली. सरीत मोडलेला बाण सापडला. कोयताही सापडला. डुकराचं हाड एकही नाही. पुढच्या मक्यात ती दिसली, मागचा पाय ओढत, मागे पिल्लं.

ती जगली. मी जगले.