एक तुकडा जास्त

शमुवेलकाका प्रभुभोजनाचा पाव फूटपट्टीने कापतात. पट्टी स्टीलची, साखर कारखान्याच्या वर्कशॉपमधली. निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळासोबत ती त्यांनी मागून घेतली. तुकडा अर्ध्या इंचाचा, चौकोनी. तिरका गेला की बाजूला. "देवाच्या किरपेत ल्हान-मोठं नसतं," असं ते त्या वेळी म्हणतात.

मी त्यांचा शेजारी. घरी ते पेरूसुद्धा पट्टी लावून कापतात. सुशीलाकाकू म्हणतात, "नशीब माजं, कपातला च्या पट्टीनं मोजता येत न्हाई."

राहात्याजवळच्या आमच्या गावात चर्चमध्ये पायताण बाहेर काढूनच जातात. महिन्याच्या पहिल्या रविवारी पहिलं गीत सुरू झालं की काका दाराशी येऊन स्वतःचा सोडून चपलांचे जोड मोजतात आणि मागच्या खोलीत जाऊन तेवढे तुकडे कापतात. एकदा एका बाईंनी नव्या चपला पिशवीत घालून आत नेल्या. तुकडा कमी पडायला हवा होता, पण ताटात एक होता. काकांनी तो दिला नाही. आत जाऊन दुसरा कापून आणला आणि उपासनेनंतर बाईंना विचारलं, "चपला पन सभासद झाल्या काय?"

स्वतः काका प्रभुभोजन घेत नाहीत. ताट समोर आलं की गालावर हात ठेवतात. दात दुखतो. दोन वर्षांपूर्वी त्यांचे सगळे दात काढून झाले, कारण मात्र तेच राहिलं.

मी तीन महिने मोजून पाहिलं. दर वेळी एक तुकडा जास्त.

"काका, एक उरतो. मोजण्यात चूक होतेय."

"उरत न्हाई. ठिवलेला आसतो."

"कुणासाठी?"

काका पट्टी पुसत राहिले. उत्तर काकूंनी दिलं. धाकटा भाऊ दानियेल अकरा वर्षांपूर्वी आईच्या मातीला पिऊन आला होता. शवपेटीला खांदा देताना काकांनी त्याला चारचौघांत ओढून काढलं. दानियेलने त्यानंतर दारू सोडली. आता तो दर रविवारी चर्चच्या आवारातल्या लिंबाच्या पारावर बसून सगळी उपासना ऐकतो. आत येत नाही, चपला काढत नाही, म्हणून मोजणीतही येत नाही. आणि भावाशी वाकडं असताना प्रभूच्या मेजाला हात लावायचा नाही, हे दोघांना आईनेच शिकवलं होतं.

"मग काका बोलत का नाहीत त्याच्याशी?"

"तुकडा कापत्यात की," काकू म्हणाल्या. "त्यांना तेवडंच येतं."

गेल्या महिन्यात पाळकसाहेबांनी उपासनेच्या सुरुवातीलाच जाहीर केलं, की पुढच्या वेळेपासून पावाऐवजी नगरहून प्रभुभोजनाचे तयार गोल वेफर येतील. शमुवेलकाकांना आता आराम.

"आराम मागितला कुनी?" काका पुटपुटले आणि कापायला गेले.

त्या दिवशी ताट सगळीकडे फिरून परत आलं, तेव्हा त्यात एक तुकडा होता. काकांनी ताट उचललं आणि अनवाणी बाहेर पडले. पाळकसाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि गीताचं आणखी एक कडवं सांगितलं. मी खिडकीशी होतो.

"घे," काका पाराजवळ जाऊन म्हणाले.

"मी आत आल्यालो न्हाई," दानियेल म्हणाला. "चप्पल बी काढल्याली न्हाई."

"मी इचारलं का?"

दानियेलने हात पुढे केला नाही. काकांनी ताट मागे घेतलं नाही.

"आईच्या मातीला तुला वढून काढलं. चुकलो मी, दान्या. आता घे. हात दुखाया लागलाय."

दानियेलने आधी चपला काढल्या. मग तुकडा उचलला.

"दादा, तुजा कुटं हाय?"

"माजा दात दुखतोय."

"हाईत का दात?"

दानियेलने तुकडा मोडला. नीट मोडला नाही. एक भाग मोठा, एक अगदीच बारीक. मोठा त्याने काकांपुढे धरला.

काकांचा हात सवयीने खिशाकडे गेला. पट्टीचं टोक बाहेर दिसत होतं. बोटं तिला लागली, क्षणभर थांबली. मग तोच हात रिकामा पुढे झाला.