वासूकाकांच्या सुरकुत्या

वासूकाका गरम चहा पीत नाहीत. कप समोर ठेवतात, वर साय धरू देतात आणि मग ती बोटानं एका बाजूनं हलकेच ढकलतात. सायीवर बारीक घड्या उमटल्या की खूश होऊन म्हणतात, "बग, कशी चुणी पडली!" मग चहा पितात. तोवर आमचा दुसरा कप संपलेला असतो.

पेडण्याजवळ तुयेच्या औद्योगिक वसाहतीत आमचा छोटा कारखाना आहे. मऊ रबराच्या पट्ट्यांवर आम्ही धातूचा पातळ, चकचकीत मुलामा चढवतो. मशीनमध्ये तापलेलं रबर थंड होताना आकसतं, वरचा मुलामा तितका आकसत नाही, आणि मग कधी कधी त्याला सुरकुत्या पडतात. असा माल रिजेक्ट. तो मायक्रोस्कोपखाली शोधून बाजूला काढायचं काम वासूकाकांचं. ते काढतात, आणि साहेबांना विचारून इब्रामपूरला घरी नेऊन बिस्किटांच्या डब्यांत जपून ठेवतात.

"कडेक शाळेच्या पोरांसारख्यो रांगेन उब्यो रवतत, मदें गेल्यो की सगळ्यो वाट चुकतत," असं सुरकुत्यांचं कौतुक ते भेटेल त्याला ऐकवतात. कुणाच्या शर्टाला चुणी दिसली तरी ताण कुठून बसला याचीच चौकशी, "ही खंयसून ओढली?" माझ्या लग्नात भर मांडवात त्यांनी भटजींच्या उपरण्याकडे बोट दाखवून हेच विचारलं होतं.

गेल्या महिन्यात मात्र पट्ट्यांची अख्खी खेप सुरकुतली. मशीनवर सुलभाताई होत्या. नवरा गेल्यावर दोन मुलांना घेऊन सुर्ल्याहून माहेरी पेडण्याला आलेल्या. कामाला लागून जेमतेम चार महिने. साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "मशीन जास्त तापवलंत तुम्ही. उद्यापासून येऊ नका."

सुलभाताई मशीनपासून मागे सरल्या. हातमोजे काढून त्यांची घडी करू लागल्या.

"रावा सायबा," कोपऱ्यातून आवाज आला. वासूकाकांनी साहेबांना असं थांबवलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. हातातली पट्टी त्यांनी पुढं धरली. "रबर चड तापलां जाल्यार सुरकुत्यो वेड्यावाकड्यो पडतत. ह्यो बगा, सगळ्यो सरळ, आडव्यो. म्हणजे पट्टी लांबीन ताणली. ती चौकट मोजा."

पट्ट्या अडकवायची चौकट नवी होती, साहेबांनीच मागवलेली. मोजली. खिळ्यांमधलं अंतर जास्त निघालं. मुलामा चढेपर्यंत प्रत्येक पट्टी ताणलेली, आणि काढली की आखडलेली.

साहेबांनी चौकट स्वतः पुन्हा मोजली. मग सुलभाताईंना "या उद्या," एवढंच म्हणाले आणि केबिनमध्ये गेले.

जेवणाच्या सुट्टीत ताई काकांच्या टेबलाशी आल्या. आता ही आभार मानणार, म्हणून काका आधीच कावरेबावरे. पण ताईंनी विचारलं, "काका, त्यो सुरकुत्यो माका दाखवशात?"

काकांनी आपलं स्टूल रुमालानं पुसून पुढं केलं. ताईंनी मायक्रोस्कोपला डोळा लावला तो बराच वेळ काढलाच नाही. "अगे बाय! व्हाळ आटल्यार वाळूर रेघो पडतत, तश्यो दिसतत."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "अकरा वर्सां जालीं हांगा," ते हळूच म्हणाले. "बघूक कोण येऊकच ना. तूच पयली, बाय."

अकरा वर्षं मी शेजारच्याच टेबलावर बसतो. काकांची नक्कल मी फार छान करतो, असं सगळे म्हणतात. मी डबा झाकला आणि ताईंच्या मागं जाऊन उभा राहिलो.

काकांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "रांगेत रव," ते म्हणाले. "तिका बरें बघूं दी."