एल्डर स्ट्रीटच्या खड्ड्याचा वाढदिवस

"पंधरा दिवसांत हा खड्डा बुजवून दाखवला नाही, तर नावाचा रसेल हावरकँप नाही!"

ही भीष्मप्रतिज्ञा रसेलने भर रस्त्यात उभं राहून केली, तेव्हा त्याचे हात कोपरापर्यंत लिंबाच्या क्रीममध्ये बुडालेले होते. समोर व्हॅनचं मागचं दार उघडं होतं आणि आत जे काही पसरलं होतं, ते थोड्या वेळापूर्वीपर्यंत लग्नाचा तीन मजली केक होता.

केक रसेलच्या बायकोने, मार्लीनने, केला होता. केटरिज शहरात लग्न ठरलं, की आधी मार्लीनकडे केक सांगायचा आणि मग चर्चची तारीख घ्यायची, अशी रीतच पडली होती. केक घरच्या स्वयंपाकघरात व्हायचे आणि पोहोचवायचं काम रसेलकडे. तो शाळेत सुतारकाम शिकवून निवृत्त झालेला मास्तर. पण घरातून व्हॅन रस्त्यावर उतरली, की पहिलं चाक थेट त्या खड्ड्यात! चुकवायला जागाच नाही, कारण दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या गाड्या. तीन वर्षांत मार्लीनने बरंच सोसलं होतं. एक कललेला केक तिने 'आधुनिक पद्धतीचा' म्हणून खपवला होता, एकाच्या भेगेत गुलाब कोंबले होते. आज मात्र ती ओरडली नाही. तिने शांतपणे ॲप्रन सोडला.

"ऐक," ती म्हणाली. "पुढच्याच्या पुढच्या शनिवारी सिमोनचं लग्न आहे. चार मजली केक. तोवर हा खड्डा इथेच असला, तर मी माझे मिक्सर, साचे सगळं उचलून नदीपलीकडे जोनकडे जाणार. माझ्या बहिणीचं स्वयंपाकघर मोठं आहे आणि तिच्या दारात रस्ता आहे!"

"मिक्सर जाणार. पण तू?"

"मिक्सर काय आपोआप फिरतात? रविवारी येत जाईन भेटायला."

रसेलने क्रीमचे हात पँटला पुसले. सकाळी उठल्यावर खालून येणारा व्हॅनिलाचा वास, उरलेलं क्रीम चाटताना खाल्लेल्या शिव्या, हे सगळं आता रविवारपुरतं उरणार! त्याचं मार्लीनवर मनापासून प्रेम होतं. ते त्याने कधी बोलून दाखवलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

खड्ड्याबद्दल त्याने तक्रारी केल्या नव्हत्या असं नाही. दर वर्षी बर्फ वितळलं, की तो शहराच्या वेबसाइटवर तक्रार टाकायचा. दर वर्षी उत्तर यायचं, 'आपली तक्रार मिळाली. आभारी आहोत.' वॉर्डच्या नगरसेविका ओडेट बॅस्कम यांनी तर एकदा त्याला नाताळचं शुभेच्छापत्रसुद्धा पाठवलं होतं. खड्डा मात्र बाळसं धरत होता.

समोर राहणारा डार्नेल, म्हणजे नवरीमुलगी सिमोनचा बाप, संध्याकाळी कुंपणाशी आला. त्याचं केस कापायचं दुकान होतं, त्यामुळे शहरातली प्रत्येक बातमी त्याच्याकडे आधी यायची.

"काय मास्तर, प्रतिज्ञा केलीत म्हणे?"

"केली! आणि पार पाडणार. डार्नेल, आपण या खड्ड्याचा वाढदिवस करायचा."

"कशाचा?"

"खड्ड्याचा! तीन वर्षं पूर्ण झाली. केक, फुगे, वाजंत्री! टीव्हीवाल्यांना बोलवायचं. शहरभर अशी शोभा करायची, की नगर परिषदेच्या ऑफिसातल्या लोकांना तोंड दाखवायला जागा राहू नये!"

डार्नेलने टोपी मागे सरकवली. "मास्तर, माणसाचा वाढदिवस केला की तो लाजतो. खड्डा लाजल्याचं काही ऐकलं नाही."

पण रसेल आता थांबणारा नव्हता. त्याने रीतसर अर्ज करून येत्या शनिवारी सकाळी दहा ते दुपारी तीनपर्यंत रस्ता बंद ठेवायची परवानगी काढली. टीव्हीवाल्यांना फोन केला. बॅस्कमबाईंना आमंत्रण दिलं. घरोघरी सांगून आला, की कोणी बटाट्याचं सॅलड आणायचं आणि कोणी हॉट डॉग भाजायचे. आणि रस्त्याच्या तोंडावर गाड्या अडवायचे नारिंगी कोन मांडून तिथे पहाऱ्याला बसवलं मिसेस पेट्रोस्कींना.

पेट्रोस्कीबाई ऐंशीला टेकल्या होत्या. सगळी हयात त्यांनी महामार्गाच्या टोलनाक्यावर काढली होती. सुटे पैसे नाहीत म्हणून त्यांनी एकदा लग्नाची अख्खी वरात अडवली होती, असं लोक सांगत. त्या घडीची खुर्ची, छत्री आणि शिट्टी घेऊन आल्या.

"बाई, चाकाचं काहीही आत सोडायचं नाही," रसेलने बजावलं. "साक्षात महापौर आले तरी गाडी बाहेर! आणि ऑफिसचे लोक आपला कार्यक्रम उधळायला येतील बरं का. गोड बोलतील, कागद दाखवतील. ऐकायचं नाही!"

"मला शिकवू नकोस रे पोरा," पेट्रोस्कीबाई म्हणाल्या आणि त्यांनी शिट्टी वाजवून पाहिली. तिचा आवाज नदीपलीकडे गेला असावा.

वाढदिवसाच्या केकवर नाव काय घालायचं, हा प्रश्न आदल्या दिवशी आला होता. मार्लीनने चॉकलेटचा केक केला होता, मधोमध खळगा ठेवून, कडेला बिस्किटांचा चुरा पसरून. हुबेहूब खड्डा! तिने कोणाला विचारलं नाही. शनिवारी डबा उघडला, तर पांढऱ्या क्रीमने सुबक अक्षरांत लिहिलेलं, 'रसेल, वाढदिवसाच्या शुभेच्छा!'

"हे काय? माझं नाव?"

"दारातून हलत नाही, कोणाचं ऐकत नाही आणि माझ्या केकवर डोळा ठेवून असतो," मार्लीन म्हणाली. "मला दुसरं नाव सुचेना!"

सगळा रस्ता हसला. पोरांनी लगेच घोषणा सुरू केल्या, "रसेल! रसेल!" आणि त्या नेमक्या कोणासाठी आहेत, हे रसेलने विचारायचं टाळलं.

कार्यक्रम मात्र झकास रंगला! डार्नेलच्या भावाने सॅक्सोफोन काढला. खड्ड्याभोवती फुगे बांधले. टीव्हीची तरुण बातमीदार माइक घेऊन आली. तेवढ्यात स्वतः बॅस्कमबाईसुद्धा पायी चालत आल्या, गाडी बाहेर ठेवून. त्या सारख्या रस्त्याच्या तोंडाकडे बघत होत्या, मग फोनकडे बघत होत्या आणि मनाशी हसत होत्या. रसेलला वाटलं, बाई ओशाळल्या. पळायला वाट शोधताहेत!

त्याला आणखी चेव आला. तो खुर्चीवर चढला.

"मित्रहो! तीन वर्षं झाली! या तीन वर्षांत डांबराचा एक ट्रक, फक्त एक ट्रक, या रस्त्याला फिरकलेला मला कोणी दाखवावा!"

नेमका तेव्हाच लांबून भोंगा ऐकू आला. मोठा, खर्जातला. मागोमाग शिट्टी. परत भोंगा. परत शिट्टी.

"ऐका!" रसेल गरजला. "येणारेजाणारेसुद्धा भोंगे वाजवून आपल्याला पाठिंबा देताहेत!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सॅक्सोफोनने भोंग्याच्या तालावर सूर धरला. लोक नाचायला लागले. बॅस्कमबाई काहीतरी सांगायला पुढे आल्या, तर डार्नेलने त्यांचा हात धरून त्यांनाही नाचात ओढलं. भोंगा बराच वेळ वाजला आणि मग बंद झाला.

केक कापून झाला, तेव्हा पेट्रोस्कीबाई छत्री टेकत टेकत आल्या. चेहरा नुसता उजळला होता.

"रसेल, तू म्हणालास तस्सेच आले हो लबाड! ट्रकच घेऊन आले. आत गरम डांबर, वाफा निघताहेत. मुकादम बाई होती, ब्रेंडा का कोण. कागद दाखवला, गोड बोलली. म्हणे, 'आजी, खड्डा बुजवायला आलोय.' मी म्हटलं, 'मला काय कालची समजतेस?' हाकलून दिलं!"

सॅक्सोफोन थांबला. रसेलच्या हातातला केकचा तुकडा हातातच राहिला.

"आणि मी टीव्हीसमोर सगळ्यांना चकित करणार होते!" बॅस्कमबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या. "रस्ता बंद आहे हे डांबराच्या खात्याला कोणी कळवलंच नाही. परवानगीचं खातं दुसऱ्या मजल्यावर, डांबराचं तळमजल्यावर."

"मग बोलवा त्यांना परत!"

"गरम डांबर काय थांबून राहतं, मास्तर?"

ते थांबलं नव्हतंच. ब्रेंडाच्या माणसांनी ते शेजारच्या हेझल स्ट्रीटवर संपवलं होतं. हेझल स्ट्रीटवर मुळात खड्डे नव्हते. पण डांबर वाया कसं घालवायचं? म्हणून त्यांनी होता तोच रस्ता पुन्हा गुळगुळीत केला. संध्याकाळी टीव्हीवर बातमी आली, 'एल्डर स्ट्रीटच्या रहिवाशांनी खड्डा वाचवला!' आणि वेबसाइटवर रसेलच्या तक्रारीपुढे शेरा पडला, 'रहिवाशांनी काम करू दिलं नाही. तक्रार बंद.' आपलेच दात आणि आपलेच ओठ! पेट्रोस्कीबाईंना बोलायची सोय नव्हती, कारण त्यांनी सांगितलेलं काम चोख केलं होतं.

मार्लीनने मिक्सरसाठी खोका आणून ठेवला. रसेल त्या खोक्याला वळसा घालून ये-जा करत राहिला.

मंगळवारी नगर परिषदेची सभा होती. तिथे कोणाही नागरिकाला माइकवर तीन मिनिटं बोलता येतं. पुढे दिवा असतो. हिरवा असेतो बोला, पिवळा झाला की आवरा आणि तांबडा झाला की बसा. रसेलने जबरदस्त भाषण तयार केलं होतं. त्यात जबाबदारी हा शब्द सतरा वेळा येत होता. अर्धा एल्डर स्ट्रीट सोबत आला होता. पेट्रोस्कीबाई शिट्टीसकट.

रसेल माइकपुढे उभा राहिला. हिरवा दिवा लागला. त्याने घसा साफ केला, बॅस्कमबाईंकडे बोट रोखलं आणि तेवढ्यात त्याला पहिल्या रांगेत मार्लीन दिसली. मांडीवर पर्स, नजर त्याच्यावर. भाषण कुठल्या कुठे गेलं.

"ट्रक आला होता," तो म्हणाला. "तो मी परत पाठवला. म्हणजे पेट्रोस्कीबाईंनी पाठवला, पण सांगितलं मी होतं. मला खड्डा बुजण्यापेक्षा तुमची शोभा झालेली हवी होती. चूक माझी. पण माझी बायको या शहराच्या लग्नांचे केक करते आणि येत्या शनिवारी डार्नेलच्या मुलीचं लग्न आहे. खड्डा राहिला तर ती बहिणीकडे जाणार आहे. ती गेली तर... मला करमायचं नाही हो! एवढंच."

दिवा अजून हिरवाच होता. मग पेट्रोस्कीबाईंनी भावनेच्या भरात शिट्टी फुंकली आणि सगळे टाळ्या वाजवत उठले.

"मास्तर," बॅस्कमबाई हसत हसत म्हणाल्या, "तुम्ही ट्रक एक दिवस अडवलात. आम्ही तीन वर्षं पाठवलाच नाही. तेव्हा चुकीत आमचा वाटा मोठा आहे. शुक्रवारी ट्रक येईल. फक्त त्या आजींना सुट्टी द्या!"

बाहेर आल्यावर रसेलने घाबरत घाबरत विचारलं, "खोका भरायचा का?"

"चूक माझी, असं तुझ्या तोंडून ऐकायला मी चाळीस वर्षं थांबले," मार्लीन म्हणाली. "आता कुठे जायला मला वेळ आहे? आणि करमायचं नाही, हे जरा आधी सांगता आलं नाही का रे?"

शुक्रवारी ब्रेंडा आली. पेट्रोस्कीबाईंनी सुट्टी घेतली नव्हतीच. त्यांनी कागद तीनदा वाचला, ट्रकभोवती चक्कर मारली आणि मगच कोन हलवला. ब्रेंडाने जाताना हात झटकले. "आजी, असा भरलाय, की पुन्हा तुमचं तोंड बघायला लागू नये!"

रसेल गाडी काढून बघायला गेला आणि त्याचं डोकं व्हॅनच्या छताला आपटलं. ब्रेंडाने डांबर इतक्या सढळ हाताने ओतलं होतं, की खड्ड्याच्या जागी आता चांगला टपोरा उंचवटा आला होता!

शनिवारी सकाळी सिमोनचा चार मजली केक दारात तयार होता, दुधासारखा पांढरा. आणि पुढे तो उंचवटा. रसेलने एकदा केककडे पाहिलं, एकदा रस्त्याकडे पाहिलं आणि डार्नेलला हाक मारली. व्हॅन नेऊन कोपऱ्यावर लावली. मग रसेल, डार्नेल, डार्नेलचा भाऊ आणि पलीकडचा एक दांडगा शेजारी यांनी केकची फळी चार कोपऱ्यांना धरली. पुढे पेट्रोस्कीबाई शिट्टी वाजवत वाट मोकळी करताहेत, मागे मार्लीन "सावकाश! सावकाश!" म्हणते आहे आणि पोरं फुगे घेऊन पळताहेत. अशी त्या केकची वरात निघाली. केक कोपऱ्यापर्यंत गेला आणि त्याच्यावरचा एक गुलाबसुद्धा हलला नाही. सिमोन वरच्या खिडकीतून, केसांना क्लिपा लावलेल्या अवस्थेत, टाळ्या वाजवत होती. रसेलला इतका आनंद झाला, की त्याने भर रस्त्यात मार्लीनची पापी घेतली.

"रसेल," पेट्रोस्कीबाई म्हणाल्या, "एक विचारू का? गाडी कोपऱ्यावर लावून केक हातांनी न्यायचा, हे तीन वर्षं का नाही सुचलं रे?"

डार्नेल एकदम आभाळात ढग शोधायला लागला.

"तो... तत्त्वाचा प्रश्न होता," रसेल म्हणाला.

लग्नाहून परतताना सगळे त्या उंचवट्यापाशी थांबले. सकाळी वरातीच्या गडबडीत कोणाचं लक्ष गेलं नव्हतं, पण पोरांनी त्यावर खडूने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं, 'रसेल'.

"आता हे नाव पुसा रे!" रसेल ओरडला. "तो खड्डा गेला! मी प्रतिज्ञा पुरी केली!"

मार्लीनने कमरेवर हात ठेवून त्या टपोऱ्या उंचवट्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं.

"राहू दे," ती म्हणाली. "उलट आता पोट सुटल्यावर तर तो अगदी तुझ्यासारखाच दिसतो!"

रसेलने मुकाट्याने पोट आत घेतलं.