जागच्या जागी खैरनारकाका

खैरनारकाका रोज पहाटे सायकल चालवायचे. खोलीत. दार लावून आणि खिडकी सताड उघडी टाकून. बाहेर बादलीतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरलेला असायचा. आत काका बनियनवर, डोक्याला माकडटोपी, पायात कंपनीचे सेफ्टी बूट. मागचं चाक दोन पाइपांवर गरगर फिरतंय आणि सायकल तसूभरही पुढे जात नाही.

वाळवंट म्हटलं की लोकांना उकाडाच आठवतो. हे निव्वळ अज्ञान आहे. सौदीत हाईलच्या बाजूला आमच्या पंपिंग स्टेशनचा कॅम्प होता, तिथे जानेवारीत नळ गोठायचे. एक्याण्णवच्या हिवाळ्यात कुवेतवरून युद्ध पेटलं. ते तेलासाठी होतं, दुसऱ्या कशासाठीही नाही, हे मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो. कॅम्पचं गेट बंद झालं. कंपनीने प्रत्येकाला एकेक गॅस मास्क, प्लास्टिकचा कागद आणि चिकटपट्टी दिली. खिडक्या सील करा, म्हणाले. काकांनी आपली रीतसर केली आणि रोज पहाटे पट्टी उचकटून पुन्हा उघडली. सेफ्टीवाला ओरडायला आला तेव्हा म्हणाले, विषारी वायू इतक्या लवकर उठत नसतो. खलास, विषय संपला.

काकांचा विषय नेहमी असाच संपायचा. त्यामुळे ते सायकल का चालवतात हे कुणालाच कळत नव्हतं. पुण्यात मी पत्रकं लिहून वाटण्यात चार वर्षं घालवली होती. मला वाटलं, तेलाच्या युद्धात एक माणूस पायाने चाक फिरवतोय, हा निषेधच असणार. तसं विचारलं. "गुडघा," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, पोट साफ होतं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, चेन जाम होऊ नये म्हणून. मी विचारायचं सोडून दिलं.

माझ्यापुढे त्याहून मोठा प्रश्न होता. आम्हा सगळ्यांचे पासपोर्ट मुदीरच्या, म्हणजे मॅनेजरच्या, तिजोरीत होते. क्षेपणास्त्रं रियाधवर पडत होती आणि आम्हाला घरी जायचं तर आधी त्याच्यापुढे हात पसरायचे. ही वेठबिगारी आहे, तिला दुसरा शब्द नाही. मी मेसमध्ये भाषण ठोकलं. उद्या सात वाजता सगळ्यांनी मिळून त्याच्या केबिनसमोर उभं राहायचं. बोलायचं काकांनी. कॅम्पात सर्वांत जुने तेच, आणि अरबी येणारे तेच एकटे.

"काय काका?" मी सगळ्यांसमोर विचारलं.

काकांनी ताट उचललं, खुर्ची मागे सारली आणि म्हणाले, "बरं, येतो."

टाळ्या पडल्या.

सकाळी आम्ही केबिनसमोर कुडकुडत उभे. सात वाजून गेले, साडेसात होत आले. मुदीर काचेतून आमच्याकडे बघत चहा पीत होता. एकेक जण सटकायला लागला. मी तणतणत काकांच्या खोलीवर गेलो. आत चाक गरगरत होतं.

"काका, तुम्ही येतो म्हणालात."

"म्हणालो की."

"मग आला का नाहीत?"

"अरे, जेवून उठताना माणूस येतोच म्हणतो. जातो म्हणू होय? तेही असल्या दिवसांत?"

मी हतबुद्ध झालो. हिंदीत बोललो असतो तर ही वेळ आली नसती. सबंध आंदोलन मराठीच्या शिष्टाचाराने बुडवलं होतं. तरी मी माघार घेणाऱ्यातला नव्हतो. सरळ विचारलं, तुम्हाला तुमचा पासपोर्ट हवा आहे की नाही?

त्यांचे पाय चालूच होते. "गेल्या वर्षी मागितला होता," ते म्हणाले. "नाशिकहून तार आली, हिला दवाखान्यात ठेवलंय म्हणून. मुदीर म्हणाला, कफीलची, त्या अरब मालकाची, सही हवी. कफील गेला होता शिकारीला. मिळाला पासपोर्ट. पाचव्या दिवशी."

पुढचं मला विचारावं लागलं नाही. मला भयंकर संताप आला. त्याहून जास्त, हा माणूस का संतापत नाही याचा आला. मी म्हणालो, मग सगळ्यांत पुढे तुम्ही असायला हवं होतं.

"हायवेवर टेलिफोनची केबिन आहे ना," ते म्हणाले, "तिथवर सायकलने जायचो शुक्रवारी. हिला फोन लावायला. ती गेल्यावरही जात राहिलो. आता गेट बंद."

"मग फोन कुणाला लावायचात?"

"नाही लावायचो."

चाक थांबलं. काकांनी खिडकी लावली, बनियनवर स्वेटर चढवला आणि बाहेर पडले. कुठे ते सांगितलं नाही. मी मागोमाग.

मुदीरच्या केबिनसमोर आता चारच जण उरले होते. काका थेट आत गेले आणि उभ्या उभ्या मुदीरशी अरबीत बोलले. दोन वाक्यं असतील. मुदीरने चहाचा पेला बाजूला सारला. मग किल्ली काढून त्याने तिजोरी उघडली.

मी काकांना हळूच विचारलं, काय म्हणालात?

"म्हटलं, यांची माणसं अजून आहेत. आत्ताच दे."

बातमी लागताच सटकलेलेही परतले आणि पासपोर्ट हातोहात वाटले गेले. लोक धावत सामान बांधायला गेले. काकांचाही त्यांना मिळाला. तो हातात धरून ते पायरीवर बसले. मी उभाच होतो. विजयाचं भाषण तयार होतं, पण ऐकायला कुणी नव्हतं.

"घरी कोण कोण असतं रे तुझ्या?" काकांनी विचारलं. एका कॅम्पात दीड वर्ष काढलं होतं, कधी विचारलं नव्हतं. आत्ताच का, ते मला कळेना.

आई, थोरला भाऊ, वहिनी, त्यांची दोन पोरं, मी सांगितलं. काकांनी एकेकाचं नाव विचारलं. धाकट्या पुतण्याचं नीट ऐकू आलं नाही, ते पुन्हा विचारलं.